हिरवी देवी, मुक्काम सॅन फ्रान्सिस्को

सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला मनुष्य पूल पाहून परत येतो. तो तांबडा पूल, त्याच्या कमरेपर्यंत चढत येणारे धुके, उतारावरून घंटा वाजवीत येणाऱ्या केबल गाड्या यांची वर्णने आजवर इतकी झाली आहेत की, त्यांत मी आणखी भर घालू इच्छीत नाही. त्या शहरात मी ज्या वस्तूच्या मागे लागलो ती एका वाटीत मावते. सॅलडच्या पाल्यावर घालण्याचे ते एक हिरवे, दाट, सायीसारखे मिश्रण आहे. तिकडे अशा मिश्रणाला ड्रेसिंग म्हणतात, आणि ह्या विशिष्ट ड्रेसिंगचे नाव आहे ‘ग्रीन गॉडेस’, म्हणजे हिरवी देवी.

मराठी शिकविणाऱ्या माणसाची एक खोड असते. पानात काय वाढले आहे हे पाहण्याआधी त्याला त्या पदार्थाचे नाव कोठून आले ते हवे असते. पण ह्या नावाचा प्रश्न मी काढलेला नव्हता. तो काढला ताईच्या सुनेने.

माझी थोरली बहीण गेली तीस वर्षे फ्रीमाँट गावी राहते. तिचा मुलगा तेथून तासाभराच्या अंतरावर, बर्कलीच्या टेकडीवर राहतो. सूनबाई तिकडचीच, चार पिढ्यांची कॅलिफोर्नियाची. मुलगी गुणी आहे, सासूला ‘आई’ म्हणते आणि मला ‘मामा’. दर रविवारी ताई मुलाकडे जाते. जाताना पिशवीत एक डबा असतो. डब्यात पोळ्या, भाजी, वरणभात. ताईला अंडे चालत नाही, मासा चालत नाही, आणि ज्या भांड्यात ते शिजले ते भांडेही चालत नाही. सूनबाई टेबल मांडते, सर्व जण एकत्र बसतात, आणि ताई आपला डबा उघडते. ह्यावरून कधी कोणी कोणाला एक शब्द बोललेले नाही. पाच वर्षे हे असेच चालले होते. ज्या घरात भांडण होते तेथे समेटाला तरी वाव असतो. येथे भांडणच नव्हते.

२०२३ च्या मे महिन्यात, सुट्टीत, मी तेथे गेलो तेव्हा सूनबाईने मला बाजूला घेऊन विचारले, “मामा, माझी आजी एक ड्रेसिंग करायची. तिच्यामागे ते मीच करते. आईंना ते अंडं-मासा न घालता करून वाढावं असं कधीपासून मनात आहे. पण त्याचं नाव असं आहे, आणि ते जिथून आलं ते नाटक मी वाचलंय. आईंना वाईट तर वाटणार नाही?”

अशा प्रश्नाला घरी बसून उत्तर देता येत नाही. त्या देवीचे मूळ स्थान पाहणे प्राप्त होते. ते स्थान गाडीच्या एका प्रवासाइतकेच दूर होते.

फ्रीमाँटहून बार्टची गाडी खाडीच्या पाण्याखालच्या बोगद्यातून पलीकडे निघते. माँटगमेरी स्टेशनावर उतरून वर आले की मार्केट स्ट्रीटवर समोरच पॅलेस हॉटेल उभे आहे. पहिले पॅलेस १८७५ साली उघडले. ज्या विल्यम रॉल्स्टन नावाच्या पेढीवाल्याने ते बांधले, त्याची पेढी उद्घाटनाच्या थोडेच आधी बसली आणि दुसऱ्याच दिवशी तो खाडीत बुडून मेला. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा प्रसिद्ध गवई कारुझो ह्याच हॉटेलात उतरला होता. आदल्या रात्रीच त्याने ‘कारमेन’ गाइले होते. इमारतीने धक्का सोसला. आगीला तोंड देण्यासाठी तिच्यात स्वतःच्या पाण्याच्या टाक्या होत्या. पण त्या पुऱ्या पडल्या नाहीत, आणि भूकंपातून वाचलेले हॉटेल त्याच दिवशी आगीत गेले. आजचे हॉटेल १९०९ साली उघडलेले. जुन्या इमारतीत जेथे घोडागाड्या आत येऊन थांबत, तेथे आता ‘गार्डन कोर्ट’ नावाचे भोजनगृह आहे. वर रंगीत काचेचे प्रचंड छत, त्यातून गाळून येणारा मधासारखा प्रकाश आणि खाली झुंबरे. आपल्याकडच्या एखाद्या संस्थानी दरबारात कोणी चहाची टेबले मांडावीत, तसे वाटते.

येथे १९२३ साली ही देवी अवतरली. हॉटेलची परंपरा सांगते ती कथा अशी: जॉर्ज आर्लिस नावाचा इंग्रज नट तेव्हा ‘द ग्रीन गॉडेस’ ह्या नाटकात प्रमुख भूमिका करून गाजत होता. त्याच्या सन्मानार्थ मेजवानी ठरली. फिलिप रोमर ह्या मुख्य आचाऱ्याने त्या प्रसंगासाठी एक नवे ड्रेसिंग सिद्ध केले आणि नाटकाचे नाव त्याला देऊन टाकले. अंड्याच्या बलकात तेल घोटून केलेले मेयोनेज, त्यात टॅरॅगॉन, पार्सली आणि चाइव्ह्ज हा सुगंधी पाला, कांद्याची पात, टॅरॅगॉन मुरवलेला शिरका, आणि अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला एक खारवलेला मासा. फ्रेंच स्वयंपाकात माशांवरची हिरवी सॉसे पूर्वीपासून होतीच. नवे होते ते नाव.

मी तेथे खेकड्याचे सॅलड मागवले. घराबाहेर पडल्यापासून मी बाटलेलाच आहे. ताईने चहा घेतला आणि माझ्या बशीकडे तटस्थपणे पाहिले. मासा म्हणून मासा त्या ड्रेसिंगमध्ये कोठे लागत नव्हता. फक्त खारटपणाला एक खोली होती. वरून हिरव्या पाल्याचा दरवळ होता, त्यात कोठेतरी बडीशेपेचा भास होता, आणि सर्वांच्या तळाशी सायीचा मऊपणा.

आता नाटक. ते विल्यम आर्चरने लिहिलेले. हे नाव आपल्या वाचकांना अगदीच परके नसावे. इब्सेनची नाटके इंग्रजीत आणणारा जो मोठा टीकाकार, तोच हा आर्चर. ज्या ‘डॉल्स हाउस’वरून अनंत काणेकरांनी मराठीत ‘घरकुल’ आणले, त्याचे इंग्रजी भाषांतर ह्या आर्चरनेही केलेले आहे. तेव्हा त्याचे थोडेसे ऋण आपल्यावरही आहे. पण त्याच आर्चरने १९१७ साली ‘इंडिया अँड द फ्यूचर’ नावाचे पुस्तक लिहिले आणि आपली संस्कृती रानटी ठरवून टाकली. त्याचा समाचार श्रीअरविंदांनी पाँडिचेरीहून आपल्या ‘आर्य’ मासिकातल्या लेखमालेत घेतला.

असा हा गृहस्थ. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्याने नाटक लिहिले, ते हिमालयापलीकडल्या ‘रुख’ नावाच्या कपोलकल्पित संस्थानाचे. इंग्रजांचे एक विमान तेथे कोसळते. राजा विलायतेत शिकलेला, बोलण्यात गोड, आणि मनाने क्रूर. प्रजा एका हिरव्या देवीची भक्त. त्या देवीपुढे इंग्रज पाहुण्यांना बळी द्यावयाचे घाटते आणि शेवटी इंग्रजांची विमाने येऊन त्यांना सोडवतात. १९२१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये ते रंगभूमीवर आले. पुढे १९२३ साली त्याचा मूकपट झाला, १९३० साली बोलपट झाला, आणि दोहोंत राजा म्हणून आर्लिसच होता.

ज्या १९२३ साली पॅलेसच्या मुदपाकखान्यात हे ड्रेसिंग घोटले गेले, त्याच साली, १९ फेब्रुवारीस, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की, हिंदी मनुष्य ह्या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना नागरिकत्व मिळाले होते अशा कित्येकांचेही मग काढून घेण्यात आले. ते दार पुन्हा उघडले १९४६ साली. आणि हे शहर तर गदर चळवळीचे. १९१३ साली ‘गदर’ पत्र येथूनच निघाले. त्या चळवळीत आपले पांडुरंग खानखोजे होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही होते. पिंगळे १९१५ साली लाहोरला फासावर गेले. खरे हिंदी तरुण ह्या शहरातून मरावयास गेले, आणि आठ वर्षांनी त्याच शहरात एका खोट्या हिंदी राजाला मेजवानी झाली! एवढे कळल्यावर बशीतले ते हिरवे मिश्रण मला थोडे कडवट लागू लागले, हे सांगितले पाहिजे. सूनबाईचा संकोच उगाच नव्हता.

हॉटेलातून निघून आम्ही मार्केट स्ट्रीटच्या टोकाशी असलेल्या फेरी बिल्डिंगकडे चालत निघालो. वाटेत मी ताईला ही सर्व हकिगत सांगितली. वर्गात सांगावी तशी, सालांसकट. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली,

“अरे, आपण सीताफळ म्हणतो, रामफळ म्हणतो. ते खाताना कुणाला रामायण आठवतं का? गोड आहे की नाही एवढंच बघतो ना आपण?”

मी चालता चालता थांबलो. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या काळात ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि आपण त्यांची नावे ठेवली. कोणत्या तरी दूरच्या लोकांचे फळ आपण आपल्या देवांच्या नावावर चढविले, आणि त्या लोकांना विचारावयास गेलो नाही. फरक आहे, नाही असे नाही. आपण नाव ठेवले ते मायेने. आर्चरने ठेवले त्यात तुच्छता होती. पण तुच्छता आर्चरची. आचाऱ्याने काय केले? त्याने ताजा पाला निवडला, बारीक चिरला आणि पाहुण्यासाठी काही चांगले केले. आज ते नाटक कोणी करीत नाही, आर्लिसला कोणी ओळखत नाही, आणि आर्चरच्या त्या पुस्तकाला वाचकही फारसे नसावेत. टिकली ती आचाऱ्याची वाटी. शंभर वर्षे हा पदार्थ घरोघर चालत आला आहे, आणि नावातले विष कधीच उतरून गेले आहे. ताईला हे सर्व इतक्या शब्दांत म्हणावे लागले नाही.

फेरी बिल्डिंग म्हणजे १८९८ साली उघडलेले उंच घड्याळाचे जुने बोटींचे स्थानक. तिच्यासमोरून एक उन्नत मोटाररस्ता जात असे. १९८९ च्या भूकंपाने तो खिळखिळा केला, मग तो पाडला, आणि ही सुंदर इमारत पुन्हा दिसू लागली. आता तिच्या आत दुकाने आहेत आणि बाहेर शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आमचा शनिवारच होता. जुड्या पाहून ताईचा चेहरा मंडईत गेल्यासारखा खुलला. चाइव्ह्ज म्हणजे कांद्याच्या पातीची गवतासारखी बारीक बहीण. पार्सली दिसावयास कोथिंबिरीची सख्खी, वासाला मात्र अगदी वेगळी. पण टॅरॅगॉनची जुडी सूनबाईने घेऊ नका म्हणून बजावले होते. “ते माझ्याकडे आहे,” एवढेच ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिच्या परसात ते पाहिले. गुडघाभर उंचीचे झुडूप, अरुंद लांब पाने. पान चुरडले की बडीशेपेचा वास, आणि चावले की जिभेला किंचित बधिरपणा. हे फ्रेंच टॅरॅगॉन. ह्या जातीला पेरण्याजोगे बी धरतच नाही. त्यामुळे ते पेरता येत नाही. मुळाची फोड काढून दुसरीकडे लावावी लागते. अर्थात, जगात जेथे जेथे हे रोप आहे तेथे ते कोणाच्या तरी परसातून, कोणीतरी हाताने दिल्यामुळे आलेले आहे. सूनबाईचे रोप तिच्या आजीच्या वाफ्यातले होते.

मग स्वयंपाकघरात गेलो. तिने नवे पातेले, नवी सुरी आणि नवी पाटी आणून ठेवली होती, वेष्टणांसकट, म्हणजे न सांगता कळावे. ताईने काही न बोलता ती वेष्टणे स्वतः फाडली.

ह्या पदार्थाचे मर्म एका विरोधात आहे. तेल आणि पाणी यांचे जमत नाही. मूळ कृतीत अंड्याचा बलक मध्यस्थी करतो. त्यात लेसिथिन नावाचे द्रव्य असते, ते तेलाच्या बारीक थेंबांभोवती बसते आणि त्यांना पुन्हा एकत्र होऊ देत नाही. अंडे वगळले तर हा मध्यस्थ कोठून आणावयाचा? सूनबाईने वाचून ठेवले होते की, दह्यातली प्रथिने हे काम बऱ्यापैकी करतात आणि चिमूटभर मोहरी त्यांना हात देते. पण तिकडचे दुकानातले दही पातळ पडे आणि मिश्रण पानावरून घसरून तळाशी जाई. ताई म्हणाली, “दही नको. चक्का घे.” आणि तिने पिशवीतून डबा काढला. मुलाला श्रीखंड आवडते म्हणून आदल्या रात्री तिने चक्का टांगून ठेवला होता. तो त्या दिवशी श्रीखंडाला मुकला.

वाटीभर चक्का. त्यात पार्सली चिरून अर्धी वाटी, चाइव्ह्ज दोन मोठे चमचे, टॅरॅगॉनची पाने एक मोठा चमचा, त्याहून जास्त नाही, कारण ते दांडगाई करते. लसणाची अर्धी पाकळी. मासा नाही, तर ती खारट खोली आणावयाची केपर्सनी. ह्या एका काटेरी झुडपाच्या खारवलेल्या कळ्या. दोन लहान चमचे पुरतात. पाव चमचा वाटलेली मोहरी आणि अर्ध्या लिंबाचा रस. हे सर्व मिक्सरमधून अगदी थोडा वेळ फिरवावे. जास्त फिरविले तर मिश्रण तापते, पातळ होते आणि पाल्याचा रंग उतरतो. तेल मिक्सरमध्ये घालू नये. ऑलिव्हचे तेल वेगाच्या पात्यांखाली कडू होते. ते तीन मोठे चमचे शेवटी, थेंबाथेंबाने, हाताने घोटत घालावे. मीठ सर्वांत शेवटी, चाखून, कारण केपर्स आधीच खारट असतात. मग तासभर फ्रीजमध्ये ठेवावे, म्हणजे पाल्याचा वास सायीत उतरतो. दोन-तीन दिवसांत संपवावे.

पाला रोमेन जातीच्या लेट्यूसचा, दक्षिणेकडच्या सॅलिनास खोऱ्यातला. त्या खोऱ्यात लेट्यूस एवढा पिकतो की, त्याला जगाची सॅलडची वाटीच म्हणतात. पाने धुऊन पंचात गुंडाळून अगदी कोरडी केली पाहिजेत. ओल्या पानावर ड्रेसिंग बसत नाही.

येथे कोणी म्हणेल, ही तर आपली कोशिंबीरच झाली. मला ते पटत नाही. कोशिंबिरीत मीठ पडते, काकडी पाणी सोडते, दही तिच्यात मिसळून जाते आणि वरून फोडणी चुरचुरते. तेथे सर्वांनी एक होण्यातच गोडी आहे. येथे पान कोरडे, कुरकुरीत राहते आणि मिश्रण त्याच्यावर नुसते लेपाप्रमाणे बसते. दोघे आपापले राहून एकत्र येतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. एकीला दुसरीचे नाव देण्याची गरज नाही.

टेबलावर दोन वाट्या आल्या, एक आजीच्या पद्धतीची आणि एक चक्क्याची. ताईने पहिले पान खाल्ले, मग दुसरे. मग म्हणाली, “लिंबू थोडं कमी चालेल.” सूनबाईचे डोळे भरून आले. ज्या घरात स्तुती करतात ते पाहुण्याचे घर. जेथे लिंबू कमी सांगतात ते आपले.

पुण्याला परतल्यावर मी हा प्रयोग येथे करून पाहिला. टॅरॅगॉन सहजी मिळत नाही. त्याऐवजी अर्धी वाटी कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग दोन चमचे, शेपूच्या दोन-तीन काड्या, पुदिन्याची आठ-दहा पाने आणि चिमूटभर कुटलेली बडीशेप घ्यावी. केपर्स नसतील तर लिंबाच्या जुन्या लोणच्याची एक फोड मसाला धुऊन बारीक चिरावी. तेल सौम्य असावे. काकडीच्या जाड चकत्या, गाजर, उकडलेला बटाटा, कशाबरोबरही चालते. दिवाळीत चार दिवस तळणीचे झाले की पाचव्या दिवशी घरातली मंडळी ह्या वाटीवर तुटून पडतात, असा माझा अनुभव आहे.

ताईचे पत्र येते, म्हणजे आता फोनवर येते. फ्रीमाँटच्या तिच्या अंगणात, तुळशीपासून थोड्या अंतरावर, टॅरॅगॉनची एक फोड लागली आहे आणि तिने धरही धरला आहे. रविवारी ती अजून डबा नेते. त्यात चक्का असतो.